वरची रेघ आणि जायफळाचे सहा वेढे

मुंबईहून रजिस्टर लखोटा आला तेव्हा मी मनूच्या अंगावरचं पुरळ मोजत होते. उजव्या दंडावर अकरा, डाव्यावर सात. सकाळी डाव्यावर सहाच होते. पोस्टमनने सही घेतली, पाणी प्यायला आणि "पुरळ गरमीचं हाय वैनी, जाईल," असं न विचारता सांगून निघून गेला.

आमच्या घरात इंग्रजी पत्र आलं की ते माझ्याकडे येतं. साताऱ्याला राहून बी.एस्सी. झालेली सून केली त्याचा तेवढा तरी उपयोग, असं सासूबाई म्हणतात. मी उंबऱ्यातच वाचायला बसले. चार पानं होती. सार एवढंच, की श्री. आकाराम यांनी पेटंट मागितलेली दिव्यांच्या पाटीची युक्ती त्या धंद्यातल्या कुठल्याही जाणत्या माणसाला सहज सुचण्यासारखी आहे, तिच्यात शोध म्हणावा असं काही नाही, सबब पेटंट देण्यास आमची हरकत आहे. खाली मुंबईच्या एका बड्या कंपनीचा शिक्का.

आकाराम म्हणजे आमचे हे. त्या वेळी ते गोठ्याशेजारच्या शेडात दिव्यांना डाग देत बसले होते. मी पत्र पदराखाली धरून उभी राहिले, कारण मला त्यातलं पुढचं सगळं लगेच दिसलं होतं.

माझं माहेर माणातलं, दहिवडीजवळचं. माझे वडील मुंबईला गिरणीत. वर्षातून दोनदा यायचे. मी सहा वर्षांची होईपर्यंत ते आले की आत जाऊन आईला सांगायची, "पाव्हणं आल्यात." आई हसायची, पण तिचं ते हसणं मला अजून आठवतं. ह्यांनी मुंबईची नोकरी सोडून शिराळ्याजवळच्या आमच्या गावात शेड टाकली तेव्हा माझ्या माहेरी सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मी एकटीच खूश होते. पुण्याच्या एका कारखानदाराने शब्द दिला होता: पेटंट मिळू दे, पाट्या तुमच्याच शेडात बनवून घेईन. नाही मिळालं, तर ह्यांची हिरवी ट्रंक माळ्यावरून खाली येणार होती. आणि मग आमची मनूही एक दिवस मला पाहुणे आले म्हणून सांगणार.

पाटी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पत्र्याची काळी पेटी, पुढे काच. आत टेस्टरमधे असतो तसले निऑनचे बारके दिवे. आडव्या नऊ ओळी, उभ्या साठ रांगा. प्रत्येक दिव्याला वेगळी तार द्यायची तर पाचशेचाळीस तारा लागतील. म्हणून प्रत्येक ओळीला एक तार आणि प्रत्येक रांगेला एक. आडवी आणि उभी जिथं गाठ पडते तिथला दिवा पेटतो, आणि एकदा पेटला की थोड्या करंटवर पेटलेलाच राहतो. एक ओळ झाली की दुसरी, मग तिसरी, झरझर. डोळ्याला वाटतं अख्खं अक्षर एकदम उमटलं. इथवरचं आमचं काहीच नाही. ते जगात आधीपासून होतं आणि अर्जातही तसं लिहिलं होतं.

अडत होतं ते पुढे. निऑनचा दिवा अंधारात आळशी होतो. बंद पेटीत त्याला करंट दिला तरी तो क्षणभर रेंगाळतो, आणि तेवढ्यात पाळी खालच्या ओळीवर गेलेली असते. मग अक्षरं उमटायची ती दात पडलेल्या तोंडासारखी. ह्यांनी दीड वर्ष घालवलं. तारा बदलल्या, सांधे बदलले, दाब वाढवला तर दिवेच काळे पडले.

आणि मग १९७५ च्या आषाढात माझ्या थोरल्या दिरांनी, नानासोंनी, एक चूक केली.

नानासो फौजेतून निवृत्त झालेले, सिग्नलमधे होते. ते मदतीला यायचे आणि त्यांना एकाच गोष्टीचा कंटाळा होता, वरची रेघ. मराठी शब्द म्हटला की डोक्यावर रेघ आली. दर शब्दाला ती सगळी ओळ पेटवा, विझवा, परत पेटवा. एक दिवस हे शिराळ्याला गेलेले असताना नानासोंनी वरच्या ओळीची तारच काढून सरळ मेनला जोडून टाकली.

संध्याकाळी हे आले आणि भडकलेच. "दादा, अख्खी ओळ चोवीस तास जळत ठेवली? करंट काय फुकट येतोय?"

"रेघ तर समद्याच अक्षरांना लागतीया की," नानासो म्हणाले. "मग इजवायची कशाला? फौजेत आमी लाईन उघडीच ठेवायचो. चालू कर अन् बघ, मग बोंबल."

ह्यांनी रागारागात बटण दाबलं. 'शिराळा' उमटलं. एकही दात पडलेला नव्हता.

दोन दिवस हे जेवायला बसले तरी पाटीकडे तोंड करून. तिसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या ओळीवर काळा कागद चिकटवला, तर खाली पुन्हा भोकं. कागद काढला की अक्षर साबूत. तेव्हा उलगडलं. वरच्या रेघेचा उजेड खालच्या दिव्यांवर पडत होता आणि त्यांचा आळस जात होता. मनूला निजवताना मी कोपऱ्यात चिमणी मंद ठेवते, म्हणजे पोर दचकत नाही, तसंच काहीसं. इंग्रजी अक्षराला डोक्यावर रेघ नसते, म्हणून ही चूक मुंबईच्या कंपनीच्या हातून कधी घडलीच नव्हती. पुढे ह्यांनी ती एक ओळ कायम पेटती ठेवून बाकीच्या चालवण्याची पद्धत बसवली, जानेवारी शहात्तरला अर्ज केला. मुंबईच्या ऑफिसात त्याची तपासणी झाली, शंका आल्या, उत्तरं गेली, गॅझेटात छापून आलं. कुणाची हरकत असेल तर चार महिन्यांत कळवा, अशी रीत असते. ती आता आली होती, चौथ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात.

मी पत्र वाचून दाखवलं. सासूबाई, अंबूबाई, शेंगा फोडत होत्या.

"म्हंजे काय म्हनत्यात ते?"

"म्हणतात, यात काय विशेष, हे कुणालाही सुचलं असतं."

"मग त्यास्नी का न्हाई सुचलं?"

"आई, पुस्तकात लिवलंय म्हणत्यात," हे म्हणाले. "उजेडात निऑन लवकर पेटतो हे पन्नास वर्सांपूर्वीचं हाय. त्यावरनं पुढचं उघडच हाय म्हणं."

"उघड हाय तर झाकून कशाला ठेवलं हुतं इतकी वर्सं?" सासूबाईंनी एक शेंग कडकन फोडली.

सांगलीला ह्यांचे डिप्लोमाचे मास्तर होते, भाऊसो मास्तर. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. "तुझी आई बोलली तेच वकील बोलेल, फक्त फी घेऊन. पण नुसतं बोलून चालणार नाही, आकाराम. कागद पाहिजे. याच कंपनीच्या जाणत्या माणसासमोर हीच अडचण आली होती आणि त्याला हे सुचलं नव्हतं, असं सांगणारा कागद. आणि तारीख तुझ्या अर्जाच्या आधीची. आहे?"

ह्यांनी मान हलवली. नाही.

मी मनूला मांडीवर घेऊन बसले होते. माझे कान गरम झाले, कारण असा कागद होता. माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली.

मनू झाल्यापासून मी एक वही ठेवते. किती वाजता प्यायली, किती वेळ झोपली, ताप, शी, शिंका, सगळं. कुणी हसेल म्हणून कुणाला दाखवत नाही. त्यात १९ नोव्हेंबर १९७५ चं एक पान होतं, मिरजेच्या दवाखान्याचं. ते मला पाठ होतं, कारण त्या दिवसाइतकी मी कधी घाबरले नव्हते. अडचण अशी, की त्याच पानावर आणखीही काही होतं.

घरी येऊन मी पान ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी वाचलं आणि आधी जागेवरून उठले, मग परत बसले.

"विजे, ह्ये सोनं हाय! पण..." त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली घेतला. "ह्ये आईचं..."

"तेवढं झाकून देता येणार नाही का?"

मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, निम्मं पान दिलं तर उरलेल्या निम्म्यात काय लपवलं म्हणून तेच विचारतील. द्यायचं तर पूर्ण द्या. मी तीन दिवस विचार केला. सासूबाई वाचू शकत नव्हत्या हे खरं, पण सुनावणीला मुंबईला मनूला सांभाळायला त्याच येणार होत्या, आणि तिथं ते मोठ्याने वाचलं जाणार होतं. चौथ्या दिवशी हे ती हिरवी ट्रंक माळ्यावरून काढून तिचा गंज घासताना दिसले. मी वही त्यांच्या हातात दिली.

मग साक्षीदार शोधायला मिरज. एस.टी.त मनू दोनदा ओकली, मी वहीत लिहिलं. दवाखान्याच्या बाकाशेजारी नंबर दाखवणारी तीच पाटी, मुंबईच्या त्याच कंपनीची, टांगलेली होती आणि तिच्याखाली तीच आया, दगडाबाई, हातात हिरव्या बांगड्या, कमरेला किल्ल्या.

मला बघून तिने डोळे बारीक केले. "तुमीच न्हवं त्या आट्टेचाळीसवाल्या? रडून रडून पदर भिजवल्याल्या?"

"तुम्हांला आठवतंय?"

"न आठवाया काय झालं! पोरगी हीच व्हय? लय गुटगुटीत झालीया की गं बया." तिने मनूचा गाल ओढला. मी पटकन तिच्या नखांकडे पाहिलं, स्वच्छ होती.

एवढ्यात वर नंबर लागला, निम्माच. दगडाबाईने मागे वळून न बघता पाटीला फाडकन एक चापट मारली, मग दुसरी. कंपाउंडरने आतून पुन्हा बटण दाबलं. नंबर पुरा झाला.

"अजून मारावी लागते?" हे म्हणाले.

"कंपनीचा मेक्यानिक म्हैन्याला येतो. तारा ढिल्या हाईत म्हनतो. दोन वर्सं झाली, तारा आवळतोय अन् मला म्हनतो, मावशी, चापट चालू ठेवा. ह्यो हात बघा." तिने तळवा दाखवला. "सासूला मारली नसंल इतकी त्या पाटीला मारली."

तिने सांगलीला येऊन प्रतिज्ञापत्रावर अंगठा उठवला. एकच अट घातली. "तुमची पाटी बिनचापटीची पेटती म्हनता, ती मला दावायची. मी आपल्या डोळ्यानं बघितल्याबिगर खरं मानायची न्हाई."

सुनावणी जानेवारी अठ्ठ्याहत्तरला मुंबईच्या पेटंट ऑफिसात झाली. मला वाटलं होतं कोर्टासारखं पिंजरा वगैरे असेल. तसं काही नव्हतं. एक लांब टेबल, वर पंखा, पलीकडे जाड चष्म्याचे साहेब, एका बाजूला कंपनीचे वकील आणि त्यांचे दोन इंजिनियर, दुसऱ्या बाजूला आम्ही. भाऊसो मास्तर आमच्यासाठी बोलणार होते. मागच्या खुर्चीवर सासूबाई मनूला घेऊन, नऊवारीचा काठ सारखा करीत. बोलणं निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत चाललं होतं.

वकील हुशार होते. त्यांनी पुस्तकं उघडून दाखवली: हे ठाऊक होतं, तेही ठाऊक होतं, दोन्ही जोडलं की झालं. ऐकताना मलाही वाटायला लागलं, खरंच, यात काय विशेष? हेच तर सगळ्यात वाईट होतं. उत्तर कळल्यावर गणित सोपंच वाटतं.

मग त्यांनी माझं पान हातात घेतलं. "साहेब, या वहीवर किती विश्वास ठेवायचा ते मी वाचूनच दाखवतो." आणि त्यांनी एकेक शब्द चावत वाचलं:

"'ताप १०१. पहाटेपासून शी दोनदा, हिरवट. काल सासूबाईंनी गुटीत जायफळाचे सहा वेढे उगाळले. विचारलं तर दोनच म्हणाल्या. मी मोजले होते. दवाखान्यात माझा नंबर ४८. पाटीवर इंग्रजीत ४३ दिसला म्हणून बसून राहिले, माझ्या मागची दोन पोरं पुढे गेली. आया म्हणाली, तो ४८च आहे, डावीकडचे दिवे पेटलेले नाहीत. कंपनीचा मेकॅनिक तिथंच होता. तारा ढिल्या आहेत, चापट मारा, म्हणाला. तिसऱ्या चापटीला ४८ झाला.'"

मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. माझ्या पाठीवर सासूबाईंची नजर खिळलेली मला कळत होती.

वकील हसले. "या बाई फार काळजीच्या आहेत, साहेब. सासू म्हणते दोन, या लिहितात सहा. तिप्पट! मेकॅनिक काय बोलला तेही असंच वाढवून लिहिलं असणार. चिंतेत माणसाला जे नाही ते दिसतं."

"सहाच हुते."

सगळ्यांनी मागे पाहिलं. सासूबाई उभ्या होत्या, मनू कडेवर.

"आजी, तुम्ही साक्षीदार नाही," साहेब म्हणाले.

"न्हवं, मी सासू हाय," सासूबाई म्हणाल्या. "आवं सायेब, पोरगी निजंना, पोरीची आई निजंना, मी म्हनलं निजूद्या दोघींनाबी. दोन वेढ्यांनी काय झालं न्हाई म्हनून आनी चार दिलं. मग हिनं इचारलं तवा लाजंनं खोटं बोलले. दोन वर्सं तेच सांगतीया. पर हिनं बरूबर लिवलंय. ह्या पोरीच्या मोजण्यात कवा चूक हुत न्हाई, आमाला त्याचाच तर जाच हाय!"

मनूने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं गाणं संपलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला. मास्तरांचे खांदे हलत होते.

"आजी, हे मला नोंदवता येणार नाही," शेवटी साहेब म्हणाले, "पण मी बहिरा नाही." मग ते वकिलांकडे वळले. "तो मेकॅनिक अजून तुमच्याकडे आहे?"

"आहे, सर."

"मग तो असं बोललाच नाही, असं त्याचं प्रतिज्ञापत्र कुठे आहे?"

वकिलांनी इंजिनियरांकडे पाहिलं. इंजिनियरांनी पंख्याकडे पाहिलं.

"आणि मला सांगा. रोज याच पाट्या दुरुस्त करणारा माणूस या धंद्यातला जाणता म्हणायचा की नाही? म्हणायचा, तर त्याला आणि त्याच्यावरच्या इंजिनियरांना जे उघड होतं ते सोडून दोन वर्षं त्या बाईला चापट मारायला का लावली?"

वकिलांनी उघडलेली पुस्तकं एकेक करून मिटली.

बाहेर आल्यावर जिन्यात मी सासूबाईंच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला अर्ध्यातच उभं केलं. "पुरं झालं. आनी काय काय लिवलंयस माज्याबद्दल?"

"बरंच," मी म्हणाले.

"वाच मग गाडीत. वाट लांब हाय." आणि खरोखरच पुण्यापर्यंत मी वाचत होते आणि त्या मधेमधे "खोटं!" "व्हय, हे खरं," "ह्ये निम्मं खरं," करीत होत्या. हे खिडकीकडे तोंड करून हसत होते.

निकाल मार्चमधे आला. हरकत फेटाळली, पेटंट मंजूर. एक वाक्य मी ह्यांना चारदा वाचून दाखवलं: गोष्ट समोर आल्यानंतर ती सोपी वाटणे, हा ती आधी सुचण्यासारखी होती याचा पुरावा नव्हे. नानासोंनी ते पाचव्यांदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "म्हंजे माझ्या आळसाला सरकारनं शिक्का दिला म्हण की."

ट्रंक पुन्हा वर गेली नाही. तिच्यात आता दिवे ठेवतात.

त्या वर्षी नागपंचमीला शिराळ्यात आमची पहिली मोठी पाटी टांगली, हरवलेल्या पोरांची नावं दाखवायला. मी मनूचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिने दोनदा चावलं. दिवेलागणीला दगडाबाई मिरजेहून आली, नवं लुगडं नेसून, आणि गर्दीतून वाट काढत थेट पाटीखाली जाऊन उभी राहिली.

"व्हय, लावा आता," ती म्हणाली आणि सवयीने हात उगारला.

ह्यांनी बटण सासूबाईंना दाबायला दिलं. वरची रेघ आधीच पेटलेली होती. तिच्याखाली 'अंबूबाई' उमटलं, पुरंच्या पुरं, डोळ्याचं पातं लवायच्या आत.

दगडाबाईचा हात तसाच हवेत राहिला. तिने तो जरा वेळ बघितला, मग हलकेच खाली आणून पाटीच्या पत्र्यावरून फिरवला, निजलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"काय लिवलंय?" सासूबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. त्या पाटीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दिवं किती लागलं माज्या नावाला? मोजलं असशीलच."

मोजले होते. त्र्याण्णव.